हजेरीचा कान

आमच्या घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच होते, आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता. तार आली की मला हाक. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते पाहायला मला हाक. शेजारच्या काकूंनी कुकर घेतला तर त्याचा कागद घेऊन त्याही माझ्याकडेच. मॅट्रिकला इंग्रजीत मला किती मार्क पडले होते हे मात्र कोणी विचारलं नाही, आणि मीही कशाला सांगायला जाते? त्यामुळे दादानं तो अँप्लीफायर घरी आणला, तेव्हा त्याच्या बटणांखाली काय लिहिलंय ते वाचायचं कामही आपसूक माझ्याकडे आलं.

लाखनीला हायवेच्या कडेला आमचं घर. पुढे बाबांचं चहा-भज्यांचं हॉटेल आणि मागे आम्ही. सत्तरच्या दशकाची ती शेवटची वर्षं असतील. दादा एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. ऑर्केस्ट्रा म्हणजे तो, एक ढोलकीवाला, एक गाणारा आणि धानाच्या गिरणीत कामाला असलेला त्याचा एक उंच मित्र. या मित्राला काहीच वाजवता येत नव्हतं, पण स्टेजवर उभं राहायची हौस सगळ्यांत जास्त त्यालाच. तोवर दादाची गिटार लाऊडस्पीकरवाल्याच्या भोंग्यातून वाजायची आणि पत्र्याचा डबा बडवल्यागत ऐकू यायची. मग भंडाऱ्याकडच्या एका कारखान्यातल्या दक्षिणेकडच्या साहेबांची बदली झाली. सामान भरताना त्यांच्या बायकोनं सांगितलं म्हणे, की ट्रकमध्ये एक तर ही पेटी जाईल नाहीतर मी. साहेबांनी बराच विचार केला आणि मग दादाला निरोप पाठवला. दादानं त्यांना चिन्नोर तांदळाचं एक पोतं दिलं आणि पेटी उचलून आणली.

"एवढा वासाचा तांदूळ देऊन लाकडाची पेटी आनली," माय म्हणाली. म्हणजे तिचे ओठ तसे हलले. ते नंतर सांगते.

पेटी आम्ही बाजेवर ठेवली. लाकडाची, वरून तपकिरी रेक्झिन चढवलेली, पुढे जाळीचं कापड. मागची बाजू उघडीच, आणि आत उलट्या टांगलेल्या काचेच्या नळ्या. त्यांना व्हॉल्व म्हणायचं असं दादानं सांगितलं. वरच्या पट्टीवर बटणं होती, पण आमच्याकडे रेडिओच्या बटणाला कान म्हणत, म्हणून हेही सगळे कानच झाले. बाबा गल्ला सोडून आले. ऑर्केस्ट्राही हजर होता. मी पदर खोचून पट्टीवर वाकले.

"व्हॉल्यूम. हा आवाजाचा कान."

एवढं तर बाबांनाही माहीत होतं.

"हा बस."

"बस म्हनजे?" दादानं विचारलं.

"बस म्हणजे बस. पुरे."

"पुरेचा कान कायले पाह्यजे पेटीले?"

"साहेब लोकाइचं असते तसं," मी म्हटलं. तो शब्द बेस होता, म्हणजे खर्जाचा कान, हे मला फार पुढे कळलं. पुढचा शब्द होता ट्रेबल. तो मी ट्रबल वाचला आणि अर्थ सांगितला, तरास. त्याच्या पुढचा स्पीड, म्हणजे वेग. आणि सगळ्यांत शेवटी प्रेझेन्स. याबाबतीत मात्र मला तिळमात्र शंका नव्हती. शाळेत मास्तर हजेरी घ्यायचे तेव्हा आम्ही 'प्रेझेंट' म्हणून ओरडायचो. "हा हजेरीचा कान," मी जाहीर केलं. कोणाची हजेरी, पेटी ती कशी घेणार, हे कोणीही विचारलं नाही. इंग्रजी वस्तूला असले प्रश्न विचारायची आमच्यात पद्धत नव्हती.

मग राहिली दोन खटक्यांची जागा. एक पॉवर. दुसऱ्याखाली लिहिलं होतं स्टँडबाय. मी शब्द फोडून सांगितला. स्टँड म्हणजे उभे राहणे, बाय म्हणजे जवळ. जवळ उभे राहा.

दादानं पॉवरचा खटका दाबला. लाल दिवा लागला. मागच्या नळ्या हळूहळू तांबूस झाल्या, पेटी गरम व्हायला लागली, पण आवाज म्हणाल तर शून्य. दादा तारा छेडतो आहे, छेडतो आहे, आणि काही नाही. बाबा म्हणाले, "तांदूळ वापस माग." तेव्हा दादाला माझं वाचन आठवलं. त्यानं गिरणीवाल्या मित्राला सांगितलं, "तू जवळ उभा राह्य बे." मित्र गेला, पेटीला रेलून ऐटीत उभा राहिला, त्याचं कोपर त्या दुसऱ्या खटक्यावर पडलं, आणि असा आवाज फुटला की बाबांच्या हातातली बशी खाली गेली.

झालं. जवळ उभं राहिल्याशिवाय पेटी वाजत नाही, हे सगळ्यांना पटलं. त्यानंतर दोन वर्षं ऑर्केस्ट्राच्या प्रत्येक कार्यक्रमात तो मित्र इस्त्रीचा शर्ट घालून पेटीशेजारी उभा असायचा. कोणी विचारलं तर सांगायचा, मी स्टँडबाय हावो. पाहुण्यांमध्ये त्याचा मान दादापेक्षा जास्त होता. तो खटका आधी नळ्या तापू द्यायच्या आणि मग आवाज सोडायचा यासाठी आहे, हे दादाला कळलं होतं बरं का. पण मित्राचं मन कोण मोडणार?

बाकीच्या कानांच्या खोड्या एकेक करून उघडकीस आल्या. ढोलकीवाला म्हणाला, गाणं संथ चाललंय, वेग वाढव. दादानं वेगाचा कान पिळला. गाणं होतं तिथंच राहिलं, पण गिटारचा सूर लटलट थरथरायला लागला. बाबा भजी तळता तळता आत डोकावले. "हिव भरलं का याले?" त्यांनी विचारलं. तेव्हापासून वेगाच्या कानाला आम्ही हिवाचा कान म्हणू लागलो. आणि बसच्या कानाची तर कमालच. बाजारात कार्यक्रम होता, पुढे काही पोट्टे उभे राहिले, मागचे लोक ओरडू लागले, "बस, बस ना बे." आमच्या उभ्या राहिलेल्या मित्राला वाटलं, फर्माईश आली. त्यानं बसचा कान पिळला. लोक आणखी ओरडले, त्यानं आणखी पिळला. शेवटी नुसतं धूंऽ धूंऽ एवढंच ऐकू यायला लागलं. गाण्याचे शब्द त्यात कुठे बुडाले ते गाणाऱ्यालाही सापडेनात. त्या दिवशी मला एक कळलं की ही पेटी शब्द खातेही आणि, नीट कान पिळले तर, देतेही.

मायला मात्र पेटीचं एकच कौतुक होतं. थंडीच्या दिवसांत दही लागायचं नाही. मग तिनं विरजणाचं गंज, म्हणजे पातेलं, पेटीवर ठेवायला सुरुवात केली. दादा रियाजाला बसला की खाली गिटार आणि वर दही. दादा कुरकुरायचा. माय ओठांनी सांगायची, एक गाना आनखी वाजव, अजून पातळ हाय.

आता तिच्या ओठांबद्दल सांगते. माझ्या मायचा आवाज आमच्या तालुक्यात प्रसिद्ध होता. आमच्याकडे लग्नात नवऱ्याकडच्या बायकांची, म्हणजे विहिणीची पंगत बसली की मुलीकडच्या बायका त्यांना चिडवणारी गाणी म्हणतात. एकीनं पुढे म्हणायचं, बाकीच्यांनी मागे ओढायचं. नुसतं पाठ असून चालत नाही. समोर बसलेल्या विहिणीला पाहून, तिचं लुगडं, तिचं नाक, तिचं जेवण, जे दिसेल ते गाण्यात गुंफावं लागतं, आणि असं की तिला राग यायच्या आधी हसू यावं. यात माझ्या मायचा हात धरणारी कोणी नव्हती. लोक लग्नाची तारीख धरताना तिला मोकळीक आहे का ते विचारायला यायचे. मग तिच्या गळ्याला गाठ आली. नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ गेली, जीव वाचला, पण आवाज परत आला नाही. उरली ती फक्त हवा. कानाशी तोंड आणून बोलली तरच कळायची.

गंमत अशी की तिचा आवाज गेल्यावर लोक तिच्याशीच मोठ्यानं बोलायला लागले. जणू ती बहिरी झाली. बाबा तर जन्माचे मोठ्या आवाजाचे. हायवेवरचे ट्रक आणि त्यांचं हॉटेल, त्यात हळू बोलून भागायचं नाही. ते तिचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच उत्तर देऊन मोकळे. ती म्हणायची, मीठ सरलं. हे म्हणायचे, "हो, हो, येते पानी नळाले." दादा आपल्या तारांत. तिचं ओठांवरून वाचायला शिकले ती मी. स्वयंपाकघरात आम्ही दोघी तासन्‌तास गप्पा मारायचो आणि बाहेरच्याला वाटायचं, मी वेडी एकटीच हसते आहे. तिची जीभ तशीच तिखट होती. गल्लीतल्या प्रत्येकाचं तिनं गाणं केलं होतं. ऐकणारी मी एकटी.

लग्नांना जाणं तिनं सोडलं. एकदोनदा गेली, तर बायका प्रेमानं म्हणाल्या, "तू बस वं बाई, तुले तरास नको." ज्या पंगतीत ती उभी राहिली की लोक घास थांबवायचे, तिथं तिला कोपऱ्यात बसवलं.  मला त्या बायकांचा इतका राग आला होता की आजही त्यांच्यातली कोणी भेटली तर मी पटकन रस्ता ओलांडते.

आणि मग माझं लग्न ठरलं. ऐंशी साल उलटलं होतं. मुलगा सानगडीचा, शाळेत मास्तर, बोलायला गरीब. पण त्याची आई सानगडीची नामांकित गाणारी. बोलणी करायला आली तेव्हाच मला म्हणाली, "तुह्या मायचं नाव लगित आयकलं हाय. मांडवात पाहू आता." माय आतून ऐकत होती. पाहुणी गेल्यावर मायनं मला सांगून टाकलं. पंगतीच्या वेळी ती मांडवात येणार नाही. मावशी म्हणेल गाणी. ती आत स्वयंपाकघरात वाढप पाहील.

मी भडकले. माझ्या लग्नात माझी माय मांडवात नाही, मग कोणासाठी मांडव घालायचा? घरात लग्न, आणि मुलीची माय चुलीपाशी लपलेली? मी सांगितलं, तू बाहेर आली नाहीस तर मीही आतच बसेन, मास्तरांना म्हणावं लावा हजेरी एकट्यानं. ती हसली आणि कणीक मळत राहिली. तिनं ठरवलं की ठरवलं, हे मला माहीत होतं. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

तेव्हा दादाला सुचलं. पेटीला दोन भोकं होती, एकात गिटार आणि दुसरं रिकामं. त्यानं गाणाऱ्याचा माईक आणला, दुसऱ्या भोकात खोचला आणि मायच्या तोंडापुढे धरला. माय बोलली. पेटीतून आलं, फूऽऽ, फूऽऽऽ.

"चूल फुकून राहिलो का मी?" ती ओठांनी म्हणाली आणि उठायला लागली.

मी तिला धरून बसवलं आणि पेटीकडे वळले. दादा गिटारसाठी बस वाढवून ठेवायचा, ती मला बाजारातली धूंधूं आठवली. बसचा कान मी पार खाली आणला. फूऽ कमी झालं. तरास वाढवला. आता श, स, च असं काहीतरी खरखरायला लागलं, तांदूळ सुपात पाखडल्याचा आवाज. शब्दाची कड दिसत होती पण शब्द नव्हता. मग मी हजेरीचा कान धरला आणि हळूहळू पिळत गेले. पिळत गेले तसे त्या हवेतून अक्षरं वर यायला लागली. शेवटच्या टोकाला नेला आणि पेटीतून स्वच्छ आवाज आला, "दूध उतू जाऊन राहिलं वं."

आम्ही कोणी हललो नाही. दूध खरंच उतू गेलं. पुढच्या दारातून बाबा धावत आले, हातात झारा तसाच. "कोन बोललं?" त्यांनी विचारलं. त्यांना हॉटेलात, रस्त्यावर ट्रक चालू असताना ऐकू गेलं होतं. मायनं माईककडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि माईक खाली ठेवून दिला.  बाबांच्या झाऱ्यातलं तेल ठिबकत होतं आणि ते तिला काहीतरी विचारणार होते, पण गिऱ्हाईकानं हाक मारली म्हणून गेले.

मला वाटलं, जिंकलो. कुठलं काय. माय म्हणाली, "हा माहा आवाज नोहे. कोनाचा हाय मले मालूम नाही." तिला तो आवाज ऐकून भीती वाटली होती. खरंच तो तिचा जुना आवाज नव्हता. जुना गोल होता, हा खरखरीत, हवेचा, कानाशी आल्यासारखा. मी म्हटलं, तुझ्या तोंडातून निघतो तर तुझाच. ती म्हणाली, लोक हसतील. मी म्हटलं, अगं, हसावं म्हणूनच तर ही गाणी असतात. "गान्याले हासनं अलग," ती म्हणाली, "गानारीले हासनं अलग."  मी नुसतीच पाय आपटत निघून गेले.

लग्न सकाळच्या मुहूर्ताचं होतं. ते लागलं. मास्तर माझ्या गळ्यात हार घालताना इतके घाबरले होते की हार बाशिंगात अडकला. दुपारी विहिणीची पंगत बसली. मी आधीच कट करून ठेवला होता. घरात प्लग एकच, स्वयंपाकघराच्या दाराशी, म्हणून पेटी त्या दारात, तोंड मांडवाकडे. माईक मी आत ओट्यावर, मायच्या हाताशी ठेवला होता. मायनं त्यावर ओला पंचा वाळत घातला होता. पेटीजवळ अर्थातच आमचा मित्र, नव्या सफारीत, उभा.

पानं वाढली. विहीणबाई पाटावर मांडी ठोकून बसल्या आणि इकडेतिकडे पाहून म्हणाल्या, "काहो, लाखनीचा मांडव मुका हाय का?" त्यांच्याकडच्या बायका हसल्या. मावशीनं सुरुवात केली. पहिली ओळ ठीक गेली. दुसरीला ती अडखळली, तिसरी आठवेना, आणि तिच्या मागच्या बायका ओढायला काही मिळेना म्हणून एकमेकींकडे पाहू लागल्या. सानगडीच्या बायकांनी ती संधी सोडली नाही. मुलीकडच्या मांडवात त्यांनीच गाणं सुरू केलं, आमच्या गावाला मीठ मिळत नाही म्हणून बायकांचे गळे बसले, असं काहीतरी. गाणं चांगलं होतं, ते मला आणखीच झोंबलं.

मी नवरी. मला कोपऱ्यात मान खाली घालून बसायचं होतं. पण तिथून मला स्वयंपाकघरातलं दिसत होतं. माय दाराकडे पाठ करून उभी होती, लाडवांचं ताट हातात, आणि तिचा जबडा हलत होता. मी थोडी वाकून पाहिलं. ती गात होती. मावशी जिथे अडकली त्याच्या पुढचं, नवं, तिथल्या तिथे रचलेलं, ती आपल्याशीच भिंतीकडे तोंड करून म्हणत होती. ते पाहून मी उठले. बाशिंग, शालू, सगळं आवरत तशीच. मित्राला बाजूला सारून हळदीच्या हातांनी सगळे कान लावले. बस खाली. तरास वर. हजेरी टोकाला. मग आत गेले, ओला पंचा उडवला आणि माईक मायच्या ओठांपुढे धरला.

तिच्या लक्षातच आलं नाही. मांडवात अचानक एक खरखरीत, जवळचा आवाज पसरला.

"लाडू पाहून इसरली, सून कोनती खरी."

पंगत थांबली. विहीणबाईंचा लाडू खरंच हातात होता. आणि त्याच क्षणी पेटीनं शिट्टी मारली. कुईऽऽऽ अशी, कान फाटेल अशी. पेटीची पाठ उघडी आणि आम्ही तिच्या पाठीशीच उभ्या. माईक पेटीला ऐकत होता आणि पेटी माईकला. पोरांनी कानांत बोटं घातली. मायनं दचकून मागे पाहिलं, माझ्या हातातला माईक पाहिला, आणि अशी नजर टाकली की एरवी मी पळालेच असते.

शिट्टी घालवायचे दोन उपाय होते, दादामुळे मला ते पाठ होते. एक, हजेरी कमी करायची. म्हणजे शिट्टी जाईल आणि शब्दही जातील. दुसरा, माईक पेटीपासून लांब न्यायचा. आत चार पावलांवर भिंत, लांब जायला जागा होती ती फक्त मांडवाच्या बाजूला.

"माय," मी म्हटलं, "हजेरी कमी करू, का तू बाहेर येतेस?"

तिनं ताट खाली ठेवलं. पदराला हात पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले. मी वाट पाहिली. त्या वेळी ती नाही म्हणाली असती तर मी तो कान खाली आणला असता आणि जन्मभर स्वतःला शिव्या दिल्या असत्या. मग तिनं माझ्या हातातून माईक घेतला आणि उंबरा ओलांडला. पेटीला वळसा घालून, मांडवाच्या कडेनं, वायर पुरेल तिथवर ती चालत गेली. ती जशी लांब गेली तशी शिट्टी बारीक झाली आणि बंद पडली. बायकांच्या घोळक्याजवळ, मांडवाच्या खांबाशी ती उभी राहिली. माईक ओठांना टेकवला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाली,

"सानगडीची ईन आली, बसली पाटावरी,
लाडू पाहून इसरली, सून कोनती खरी."

 मग मावशीनं ओढलं, आणि मग सगळ्यांनी. सूर तिच्याकडे नव्हताच, ती नुसते शब्द तालात सोडत होती, सूर त्या बायकांनी धरला. विहीणबाईंचं लुगडं झालं, त्यांच्या नाकातली नथ झाली, मास्तरांचा बाशिंगात अडकलेला हार झाला. मास्तर लाल झाले. लोक हसत होते आणि मी पेटीशी बसून एकेका चेहऱ्याकडे पाहत होते, कोणी गाणारीला हसतंय का ते. एकही नाही. विहीणबाई तर ठसका लागेपर्यंत हसल्या. पाणी पिऊन म्हणाल्या, "ईनबाई, पुन्हा म्हना, माहं नाकाचं नीट ऐकलं नाही."

पंगत उठायला आली. मला मास्तरांशेजारी घास घ्यायला बोलावलं. मी कान तसेच ठेवून, मित्राला जवळ उभा करून निघाले. वाटेत माय उभी होती. माईक तिच्या हातात, हनुवटीशी, विसरलेला. मी जवळ गेले तशी ती नेहमीसारखी माझ्याकडे झुकली आणि नेहमीसारखं, फक्त माझ्यापुरतं बोलली.

"तू गेल्यावर माहं कोन ऐकन वं?"

ते सगळ्या मांडवानं ऐकलं.

 वाढपी वरणाच्या बादल्या धरून उभे राहिले. मायला कळलं तेव्हा तिचं तोंड पांढरं पडलं. मी रडायला लागले, लपूनछपून नाही, चांगली हुंदके देऊन. बाबा पंगतीच्या पलीकडच्या टोकाला मठ्ठा वाढत होते. ते तिथूनच, त्यांच्या त्या ट्रकवरच्या आवाजात म्हणाले, "मी काय मेलो का? मी हावो ना ऐकाले."

मायनं त्यांच्याकडे पाहिलं. माईक पुन्हा ओठांशी नेला, या वेळी जाणूनबुजून.

"तुमी आधी गप राहान तवा."

मांडव हसून हसून कोसळायचा बाकी राहिला. विहीणबाईंनी मायला मिठी मारली आणि दोघी त्या माईकच्या वायरीत गुंतल्या. बाबा मात्र हसले नाहीत. उत्तरही दिलं नाही. मठ्ठ्याची बादली खाली ठेवून ते नुसते उभे होते, तोंड मिटून, आणि ती आणखी काही म्हणते का याची वाट पाहत होते.

मी पहिल्यांदा माहेरी आले ते महिन्याभरानं. हॉटेलात गिऱ्हाईक बसलं होतं आणि गल्ल्यावर कोणी नव्हतं. आत गेले तर बाबा मायच्या अगदी पुढ्यात पाटावर बसले होते, गुडघ्याला गुडघा लावून, तिच्या ओठांकडे डोळे लावून. माय काहीतरी लांबलचक सांगत होती. मी "बाबा" म्हणून हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. नुसता हात वर करून मला थांब म्हणून खुणावलं, कारण तिचं अजून संपलं नव्हतं.